टेक्साससारखे स्वतंत्र निवडलेले अधिकारी हवेत, की गव्हर्नरनेच नेमलेले?

ह्यूस्टनकर
अमेरिकेत गव्हर्नर म्हणजे राज्याचा निवडून आलेला प्रमुख. पण टेक्सासमध्ये गव्हर्नर निवडला म्हणजे सरकार निवडलं असं होत नाही. लेफ्टनंट गव्हर्नर, ॲटर्नी जनरल (राज्याचा मुख्य वकील), खजिना सांभाळणारा कंट्रोलर, लँड कमिशनर, ॲग्रिकल्चर कमिशनर हे सगळे वेगवेगळे निवडून येतात आणि गव्हर्नर त्यांच्यातल्या एकालाही काढू शकत नाही. शिवाय रेलरोड कमिशनचे तिघे. या कमिशनकडे आता रेल्वे नाहीच, तेल आणि गॅस आहे. मतपत्रिकेवरच्या नावावरून हे कुणाला कळणार?

फेब्रुवारी 2021 ची थंडी आठवा. वीज गेली, गॅसही आटला. वीज बघणाऱ्या कमिशनचे तिन्ही सदस्य गव्हर्नरने नेमलेले होते, लोक खवळले तसे काही आठवड्यांत तिघेही गेले. गॅस बघणारे रेलरोड कमिशनवाले निवडून आलेले, ते जागेवरच राहिले. म्हणजे लोकांना उत्तरदायी कोण ठरलं? माझं स्पष्ट मत : एकाला निवडा, बाकीचे त्याला नेमू द्या, आणि बिघडलं की त्यालाच जाब विचारा.

एडिसनची_मीरा
तुम्हाला हवी ती पद्धत आमच्या न्यू जर्सीत आहे. गव्हर्नर आणि लेफ्टनंट गव्हर्नर जोडीने निवडून येतात, ॲटर्नी जनरल गव्हर्नर नेमतो, सिनेट मंजुरी देतं. आता सांगा, गव्हर्नरच्याच माणसांवर संशय आला तर राज्यात चौकशी कोण करणार? 2013 साली जॉर्ज वॉशिंग्टन पुलाच्या लेन बंद केल्या गेल्या, त्या प्रकरणात अशाच माणसांवर आरोपपत्र ठेवलं ते केंद्राच्या सरकारी वकिलांनी.

अटलांटावासी
मीराताईंशी सहमत. 2 जानेवारी 2021 चा फोन विसरू नका. निवडणूक हरलेल्या ट्रम्प यांनी जॉर्जियाचे सेक्रेटरी ऑफ स्टेट, म्हणजे राज्यातल्या निवडणुका बघणारे अधिकारी, रॅफेन्सपर्गर यांना 11,780 मतं शोधायला सांगितलं. रॅफेन्सपर्गर बधले नाहीत. ते स्वतः निवडून आले होते, त्यांची खुर्ची कुणाच्या मर्जीवर नव्हती.

ह्यूस्टनकर
जॉर्जियाचे गव्हर्नर केम्पही बधले नव्हते की. तो माणसाचा गुण, पद्धतीचा नव्हे.

सातारी
आपल्याकडे हाच घोळ सरपंचाच्या बाबतीत झाला. 2017 ला थेट निवड आणली, 2020 ला रद्द केली, 2022 ला परत आणली. आमच्या गावात सरपंच एका गटाचा, बहुसंख्य सदस्य दुसऱ्या गटाचे. पाणीपुरवठ्याची मोटर जळाली तरी दुरुस्तीचा ठराव मासिक बैठकीत दोनदा बारगळला. बायका हंडे घेऊन मळ्यातल्या विहिरीवर. थेट निवडून आलेल्या माणसाला हाताखाली बहुमत नसेल तर त्याने करायचं काय?

ह्यूस्टनकर
अगदी हेच. आणि मीराताई, निवडलेल्या ॲटर्नी जनरलचं म्हणाल तर आमचे पॅक्स्टन बघा. 2015 पासून रोख्यांच्या व्यवहाराचे फौजदारी आरोप डोक्यावर, तरी 2018 आणि 2022 ला निवडून आले. 2023 ला राज्याच्या हाउसने महाभियोग आणला, सिनेटने सोडलं. फौजदारी आरोप 2024 मध्ये तडजोडीने मागे घेतले गेले.

एडिसनची_मीरा
पण ते आरोप मतदारांना माहीत होते, दोन्ही वेळा निवड त्यांनीच केली. मला ते पटत नाही, पण तो त्यांचा हक्क आहे. आमच्याकडे ॲटर्नी जनरल कोण असावा यावर मला आजवर एकदाही मत देता आलेलं नाही.

अटलांटावासी
टेक्सासची 1876 ची घटना अशी का लिहिली गेली हेही बघा. गव्हर्नर डेव्हिस यांच्या हातात राज्य पोलीस आणि नेमणुका एकवटल्या होत्या, त्याची धास्ती होती. रेलरोड कमिशनचं नाव जरूर बदला, मतपत्रिकेवर तेल-गॅस असं स्वच्छ छापा. निवडणूक मात्र काढू नका.