हाऊस बंद करायचे की त्यांचे नियम बदलायचे?

शिक्षिका, फोंडा
पीटीएच्या, म्हणजे पालक-शिक्षक संघाच्या सभेत एका पालकांनी मागणी केली, शाळेतले हाऊस, म्हणजे वर्षभर स्पर्धांत गुण मिळवून ढालीसाठी झुंजणारे मुलांचे गट, बंद करा. पाचवीत मुलांची लाल, निळा, हिरवा, पिवळा अशी वाटणी करता आणि मग दहावीपर्यंत ती एकमेकांशी भांडत राहतात, असं त्यांचं म्हणणं. सभेत बऱ्याच माना डोलल्या. मला हे अजिबात पटलेलं नाही.

आमच्यासारख्या शाळेत मुलं चार-पाच गावांतून येतात, कोणी बालरथाने म्हणजे शाळेच्या बसने, कोणी कदंबाच्या म्हणजे सरकारी बसने. बसमध्ये जे शेजारी बसतात तेच वर्गात एका बाकावर आणि मधल्या सुट्टीत एका झाडाखाली. वाडा सुटत नाही. देवळाकडची मुलं वेगळी, चर्चकडची वेगळी. सहशिक्षण म्हणायचं, पण मुलगे एका बाजूला, मुली दुसऱ्या. हाऊसची यादी करताना यातलं काहीच पाहिलं जात नाही. तिथे पाचवीतली मुलगी आणि दहावीतला मुलगा एकाच संघासाठी ओरडतात. मार्च-पास्टच्या सरावात आठवीतल्या मुलाला कॅप्टन असलेल्या नववीतल्या मुलीचा हुकूम ऐकावा लागतो, आणि दोन दिवस कुरकुर करून तो ऐकतो. वेळापत्रकातला दुसरा कुठला तास हे काम करतो?

पालक, म्हापसा
टीचर, यादी करताना पाहत नसतील, पण मैदानावर सगळं दिसतं. माझी मुलगी शिकते त्या शाळेत फुटबॉल आणि क्रिकेट फक्त मुलग्यांचं, आणि सर्वांत जास्त गुण त्यालाच. मुलींना थ्रोबॉल आणि रांगोळी. म्हणजे ढाल कोणाची हे मुलगे ठरवणार आणि मुली बाजूला बसून टाळ्या वाजवणार. वर शिस्तीचे गुण! बालरथ उशिरा आला, मूल उशिरा पोचलं, की हाऊसचे गुण कापले. मग त्याच्याच हाऊसची मुलं दिवसभर त्याला टोचत राहतात. बारा-तेरा वर्षांच्या मुलांच्या हाती एकमेकांना शिक्षा करायचा अधिकार देणं मला क्रूर वाटतं.

माजी विद्यार्थी, डिचोली
मी तर मुळापासूनच विरोधात आहे. इंग्लंडमधल्या निवासी शाळांत मुलं खरोखरच वेगवेगळ्या इमारतींत राहायची, तिथेच जेवायची, झोपायची. एका इमारतीतली मुलं म्हणजे एक हाऊस. आपली मुलं दुपारी घरी जाऊन आईच्या हातचं जेवतात. त्यांच्यासाठी ही वाटणी कशाला? मिळून काही करायच्या रीती आपल्याकडे कमी आहेत का? शिगम्याचा म्हणजे होळीच्या सणाचा रोमटामेळ, ढोल-ताशांची नाचती मिरवणूक आहे, फुगड्या आहेत, गणेश चवथीच्या दिवसांत घुमट या मातीच्या तालवाद्यावर होणाऱ्या आरतीच्या स्पर्धा आहेत. २०१९ मध्ये सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला, पण शाळेत ते वाजतं वर्षातून एकदा.

शिक्षिका, फोंडा
घुमट हाऊसच्या स्पर्धेतच आणा ना! चार हाऊसची चार पथकं, प्रत्येकात मुलगे आणि मुली दोन्ही. मात्र तुमचा रोमटामेळ गावाचा किंवा वाड्याचा असतो. मला नेमकं वाड्याबाहेरचं काहीतरी हवं आहे, म्हणून त्याने माझं काम होत नाही.

म्हापशाच्या ताई, शिस्तीचे गुण बंद व्हावेत, इथे मी पूर्ण तुमच्या बाजूची. मैदानाचं म्हणाल तर नियम सोपा ठेवता येईल. एखाद्या खेळात मुलींचा सामना होत नसेल, तर त्या खेळात मुलग्यांनाही गुण नाहीत. आणि मिश्र रिले ठेवा, दोन मुलगे, दोन मुली. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकपासून चार गुणिले चारशेची मिश्र रिले ऑलिंपिकमध्येही आहे. तिथे मुलींच्या धावण्यावरही निकाल ठरतो आणि त्या बाजूला बसून राहत नाहीत.

क्रीडाशिक्षक, काणकोण
बोलायला सोपं आहे टीचर. खो-खोत मैदानावर नऊ मुली लागतात, चार हाऊस म्हणजे छत्तीस. आमच्यासारख्या छोट्या शाळेत आठवी ते दहावी मिळून खेळायला तयार असलेल्या तेवढ्या मुली निघत नाहीत. तुमचा नियम लावला तर मुलग्यांचेही सामने बंद पडतील. मी चाराचे दोनच हाऊस करावेत असं म्हणतो. संघ पुरे पडतात, राखीवही उरतात. पावसाळाभर मैदान चिखलात असतं, त्यामुळे चार हाऊसचं वेळापत्रक दिवाळीनंतरच्या थोड्या दिवसांत कोंबावं लागतं, तेही सुटसुटीत होईल. पण हाऊस हवेतच. तालुक्याच्या संघासाठी मुलं मला याच सामन्यांत दिसतात. वर्गात मान खाली घालून बसणारी मुलगी खांबाला वळसा घालून कशी पळते, हे एरवी मला कळलं नसतं.

पालक, म्हापसा
सर, तुम्हाला ती मुलगी दिसली याचा आनंद आहे. ती हाऊसशिवायही दिसली असती, वर्गावर्गांचे सामने ठेवले असते तर. माझा खरा आक्षेप वर्षाच्या बेरजेला आहे. सामने घ्या, मिश्र रिले घ्या, त्या-त्या दिवशी बक्षीस द्या. पण वर्षभराचे गुण मांडून एकाला ढाल द्यायची आणि एकाला शेवटचा ठरवायचं, हे कशासाठी?

शिक्षिका, फोंडा
कारण वर्गावर्गांचे सामने लावले की तीच मैत्री, तोच बाक. आणि वर्षाची बेरीज नसेल तर निबंध लिहिणाऱ्याचा आणि घुमट वाजवणाऱ्याचा धावणाऱ्याशी संबंधच उरत नाही. पळता न येणाऱ्या मुलालाही आपल्या चार गुणांची किंमत त्या बेरजेतच कळते. पुढच्या सभेत मी दोन ठराव मांडणार आहे, शिस्तीचे गुण रद्द आणि मुला-मुलींना सारखे गुण. हाऊस चार ठेवायचे की दोन, ते प्रत्येक शाळेने आपला पट पाहून ठरवावं. ढाल मात्र राहावी.

पालक, म्हापसा
पहिल्या दोन्ही ठरावांसारखे ठराव मीही आमच्या शाळेत मांडेन. ढालीला माझा विरोध कायम.