लाँगबोचा ६०० फुटांचा पल्ला टेबलावर कसा बसवायचा?

शापोराकाठ: डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलावरचा भूमिका-खेळ) पाचवी आवृत्ती, २०१४ चे नियम. एका खेळाडूचं पात्र पाचव्या लेव्हलचा रेंजर (रानात वावरणारा योद्धा) आहे, लाँगबो (साधा पल्ला १५० फूट, लांब पल्ला ६००) आणि शार्पशूटर फीटसह (नेमबाजीचं खास कौशल्य). लढाई शापोरा किल्ल्यासारख्या टेकडीवर घ्यायची आहे: वर जांभ्याचा तट, खाली खाजन (खाडीकाठची सखल) शेतं आणि बांध. टेबल ४ फुटांचं, म्हणजे १ इंचाचे ४८ चौकोन, एक चौकोन ५ फुटांचा. २४० फुटांतच नकाशा संपतो. त्यापलीकडचे शत्रू कसे मोजायचे? आणि बाकीचे तीन खेळाडू तोवर बसून राहू नयेत.

तिरपा_चौकोन: नकाशावर फक्त शेवटचे २४० फूट मांडा. त्यापुढचं अंतर टेबलाच्या कडेला कागदी पट्टीवर दाखवा, एक घर ६० फुटांचं. ३० स्पीडचा (एका पाळीत ३० फूट जाणारा) शत्रू डॅश घेऊन (वार न करता दुप्पट धावून) एका राउंडमध्ये (सगळ्यांची एकेक पाळी) नेमका एक घर सरकतो, त्यामुळे फूट मोजत बसावं लागत नाही. सहा घरांची पट्टी लावली तर एकूण ६०० फूट होतात.

उंचीचा बाऊ नको. तट ६० फूट उंच धरला तर १५० चा पल्ला जमिनीवर साधारण १३७ फूट उरतो. दूरवर हा फरक सोडून द्या. जवळ आल्यावर मात्र हिशेब करा: जमिनीवर ८० आणि उंची ६०, तर बाणाचं अंतर १००.

खरी अडचण शार्पशूटरची आहे. लांब पल्ल्याचा डिसॲडव्हान्टेज (दोन डाइस टाकून लहान आकडा घेणं) जातो, अर्धी आणि पाऊण आडही (आडोसा) निरुपयोगी ठरते. म्हणून नकाशावर माड पेरून काही साधत नाही. पूर्ण आड हवी, आणि ती बांध देतो. पलीकडे आडवा पडलेला माणूस दिसतच नाही, मग त्याच्यावर बाण सोडताच येत नाही.

मानशीवरचा: उघड्यावरही शत्रूला आडवं पडू द्या. ५ फुटांपलीकडून पडलेल्यावर बाण मारताना डिसॲडव्हान्टेज येतो आणि तो शार्पशूटरने जात नाही. पडायला स्पीड लागत नाही, उठायला अर्धा लागतो. म्हणजे पहिला राउंड ६० फूट, पुढचे प्रत्येकी ४५. ३०० फुटांना पाचऐवजी सात राउंड लागतात. रेंजरला दोन राउंड जास्त मिळतात, पण नेम अवघड. हा सौदा मला फार आवडतो, कारण दोन्ही बाजूंना विचार करावा लागतो.

खाजनाचा चिखल डिफिकल्ट टेरेन (वेग निम्मा करणारी जमीन) धरा. तिथे डॅश घेऊनही ३० फूटच. बांधावरून पूर्ण वेग, पण रांगेत एकामागे एक. तिघांना तिथेच काम द्या: मानशीचं (बांधातल्या पाणी सोडायच्या झडपेचं) दार उघडून शेतात पाणी सोडणं, बांध अडवणं.

शापोराकाठ: आणि पावसाळा ठेवला तर? जोराचा वारा?

तिरपा_चौकोन: जोराच्या वाऱ्याने बाणांना डिसॲडव्हान्टेज येतो, शार्पशूटर असला तरी. पण लक्षात घ्या, डिसॲडव्हान्टेज साचत नाहीत. वारा आणि पडलेला शत्रू मिळूनही एकच. शिवाय रेंजर तटाआड लपून शत्रूला न दिसता बाण मारत असेल तर त्याचा एक ॲडव्हान्टेज (दोन डाइसपैकी मोठा आकडा घेणं) हे सगळं पुसतो आणि साधा एकच डाइस टाकायचा. म्हणून वारा आणि आडवे पडणारे शत्रू एकाच लढाईत खर्च करू नका. वारा ठेवलात तर शत्रूंना सरळ पळू द्या. त्यांचे शॉर्टबो (८०/३२०) असतील तर वारा त्यांनाही तेवढाच नडतो, हेही धरून चाला.

मानशीवरचा: एक राहिलं. शत्रू तटावर चढून ५ फुटांत आला की रेंजरला कोणावरही बाण मारताना डिसॲडव्हान्टेज, फक्त शेजारच्यावर नव्हे. तटावर दोन शिड्या दाखवा आणि त्यातली एक रेंजरपासून एका राउंडच्या अंतरात ठेवा.