देशाचा नकाशा कवितांतून : मुलांसाठी कविता सुचवा

रानजाई
नमस्कार मंडळी. बंगळुरूत आमच्या सोसायटीत रविवारी सकाळी मराठी मुलांचा वर्ग भरतो. मुलं सहा ते अकरा वयाची. पुढच्या सत्रात भिंतीवर भारताचा मोठा नकाशा लावायचा आणि दर रविवारी एका प्रदेशाची एक कविता घ्यायची, असं ठरवलंय.

अडचण अशी आहे की देशाचा गौरव करणारी गाणी मुलांना शाळेमुळे तोंडपाठ आहेत. ती म्हणताना त्यांना स्फुरणही चढतं. पण कोकणातला पाऊस वेगळा आणि माणदेशातला वेगळा, हे त्यातून कळत नाही. मला अशा कविता हव्या आहेत की म्हणून झाल्यावर मुलाला सांगता यावं, तिथली माती कसल्या रंगाची, नदीला पाणी किती, झाडं कोणती. मराठीतल्या प्राधान्याने सुचवा. इतर भाषांतल्याही चालतील, अर्थ मी समजावून सांगेन.

भीमथडी
सुरुवात बालकवींच्या 'औदुंबर'ने करा. कविता आठच ओळींची आहे. तिला लहानांची कविता म्हणत नाहीत, पण लहानांना ती पटकन कळते, कारण ती मुळात एक चित्र आहे.

मी वर्गात ती अशी घेतो. मुलांना कोरा कागद आणि खडू द्यायचे. आपण एकेक ओळ सावकाश वाचायची आणि ऐकलं ते त्यांनी काढायचं. आधी 'ऐल तटावर पैल तटावर' हिरवळ, मधून निळासावळा झरा. मग पलीकडच्या टेकडीकडे चार घरांचं गाव, त्याच्या पुढे शेतमळे. मग त्यातून 'अडवीतिडवी' जाणारी पांढरी पायवाट, ती काळ्या डोहाकडे. आणि शेवटी डोहाच्या लाटांवर गोड काळिमा पसरून, पाण्यात पाय टाकून बसलेला औदुंबर. लांबून जवळ येत येत कवी आपल्याला डोहाशी आणून सोडतो. कागदावर गावाचा नकाशाच तयार होतो. प्रत्येकाची पायवाट वेगळीकडून वळते आणि मग मुलं आपसांत वाद घालतात. तो वाद होऊ द्या. ओळी पुन्हा पुन्हा वाचून घ्यायला त्याच्याइतकं चांगलं निमित्त नाही.

वऱ्हाडकर
विदर्भासाठी विठ्ठल वाघांची 'काया मातीत मातीत'. दुसरं काही शोधूच नका. तिफण चालतेय, वर वीज नाचतेय, ढग ढोल वाजवतोय. चालीवर म्हटली की पोरं आपोआप पाय आपटायला लागतात.

म्हणायच्या आधी तिफण म्हणजे काय ते मात्र दाखवा. तीन फणांचं पेरणीचं अवजार. वर लाकडी चाडं, त्यातून खाली नळ्या. मागून चालणारी बाई मुठीतलं बी चाड्यात सोडत जाते आणि ते तीन ओळींत सारखं पडतं. तो मुठीचा अंदाज सरावानेच येतो. आणि जमल्यास मूठभर काळी माती मागवून घ्या. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसात तीच पायाला चिकटून वहाण जड करते. बेसाल्टची झीज होऊन झालेली ही माती ओल धरून ठेवते, म्हणून तिथे कापूस. बंगळुरूच्या पोरांना तांबडी माती ठाऊक आहे, दोन्ही शेजारी ठेवा.

सागरगोटा
किनाऱ्यासाठी शांताबाई शेळक्यांची कोळीगीतं. 'वादळवारं सुटलं गो' आणि 'मी डोलकर' मुलांना लगेच आवडतात.

गोव्यासाठी बोरकरांची 'माझ्या गोव्याच्या भूमीत'. त्यात कड्याकपारींतून दुधाचे घट फुटतात. तुमच्याकडची मुलं गोव्याला रेल्वेने गेली असतील तर त्यांनी दूधसागर गाडीच्या खिडकीतून पाहिलेला असणार. त्यांना विचारा, बोरकरांना हे कुठून सुचलं असेल? सगळे एकदम ओरडतील बघा.

कृष्णाकाठ
रानजाई, गौरवगीतांवर एकदम फुली मारू नका. राजा बढ्यांचं 'जय जय महाराष्ट्र माझा' घ्या. 2023पासून ते राज्यगीत आहे, पण त्यातल्या नद्यांकडे कोण लक्ष देतं? पहिल्यांदा येते रेवा, म्हणजे नर्मदा. ती महाराष्ट्राला स्पर्श करते ती फक्त नंदुरबारच्या उत्तर टोकाला. मग वरदा, म्हणजे वर्धा. बढे नागपूरचे, त्यांना विदर्भातली नदी आधी आठवली यात नवल नाही. मग कृष्णा आणि कोयना. ही जोडी कराडला समोरासमोर येऊन भेटते. दोन नद्या एका बाजूने तिरक्या मिळाल्या असं तिथे होत नाही. उत्तरेकडून एक, दक्षिणेकडून दुसरी, आणि मिळून पूर्वेला वळतात. नकाशावर बोटाने गिरवून घ्या. राष्ट्रगीताचंही तसंच आहे. पंजाबपासून बंगालपर्यंत प्रदेश, मग विंध्य-हिमाचल, मग यमुना-गंगा. ओळीनुसार टाचण्या लावत गेलात तर तुमच्या नकाशाचा पहिला रविवार त्यातच जाईल.

भीमथडी
कृष्णाकाठ, तुमचं पटलं, पण सहा वर्षांच्या मुलाला नावांची यादी आणि ठिकाण यांतला फरक कळतो. यादी मोठ्यांसाठी ठेवावी. लहानांना एकच डोह, एकच झाड द्यावं.

वसंत बापटांच्या 'केवळ माझा सह्यकडा'मध्ये या दोन्ही गोष्टी आहेत. हिमालय तुमचा-आमचा सगळ्यांचा, पण सह्यकडा माझा, असं तो कवी ठणकावून सांगतो. देश मोठा आहे हे मान्य करून स्वतःच्या कातळावर प्रेम करणारी ही कविता दहा-अकराच्या मुलांना नक्की पेलेल.

नीलमोहर
मी कोलकात्यात असते. इथलं प्रत्येक मूल रवींद्रनाथांची 'आमादेर छोटो नदी' म्हणतं. 1930 साली निघालेल्या 'सहज पाठ' या बालपुस्तकातली कविता आहे, त्यात चित्रं नंदलाल बोसांची.

नदी अगदी साधी आहे. वळणावळणाने जाते, वैशाखात गुडघाभर पाणी. गुरं त्यातून पार होतात, बैलगाडीही पार होते. चकचकीत वाळू, कुठे चिखल नाही, एका काठावर काश गवताच्या फुलांनी पांढरं झालेलं रान. रात्री कोल्हे ओरडतात. पोरं गमछ्यात पाणी भरून अंगावर ओततात, पदराने लहान मासे धरतात. आणि आषाढ आला की तीच नदी दुथडी भरून वाहायला लागते. शांतिनिकेतनजवळच्या कोपाईशी तिचं नाव जोडतात. देश, भूमी, माता असा एकही शब्द त्यात नाही, तरी मुलांना बंगाल डोळ्यांसमोर दिसतो. रानजाई, तुम्हाला हवी ती हीच कविता असावी.

मूळ बंगालीतच शिकवा, ताल सोपा आहे, मराठी मुलांना जड जाणार नाही. मग मुलांना विचारा, आपल्या गावच्या नदीला वैशाखात पाणी कुठवर असतं?

रानजाई
नीलमोहर, वाचूनच अंगावर काटा आला. हीच घेणार! वऱ्हाडकर, काळी माती मागवतेय, अकोल्याहून एक पालक पुढच्या महिन्यात येणार आहेत.

भुईचाफा
बंगळुरूत आहात तर कन्नड विसरू नका. निसार अहमदांची 'नित्योत्सव' तुमच्या मुलांनी शाळेत ऐकलेली असेल. जोगचा धबधबा, तुंगा नदी, सह्याद्रीतलं लोहखनिज, सगळं पहिल्या कडव्यातच आहे. बापटांची कविता आणि ही एकाच रविवारी घ्या. डोंगर तोच, कवी दोन, भाषा दोन. त्या दिवशी वर्गातल्या कन्नड मित्रांनाही बोलवा आणि त्यांनाच म्हणू द्या.

खानदेशी
बहिणाबाई अजून कोणीच कशा सुचवल्या नाहीत? 'धरत्रीच्या कुशीमधी' घ्या. पेरलेलं बी मातीखाली निजलंय, वरून माती शालीसारखी. त्याच दिवशी मुलांना वाटीत मटकी भिजवून द्या, पुढच्या रविवारी मोड घेऊन येतील.

एक विनंती. 'धरत्री'चं 'धरित्री' करू नका. बोलीतले शब्द शुद्ध करत बसलं तर खानदेश निघून जातो आणि पुस्तक उरतं. मुलांना बोली अवघड जात नाही, ती आपल्यालाच जाते. असोद्याचं, बहिणाबाईंच्या माहेरचं, ते बोलणं तसंच कानावर पडू द्या.

आणि भाद्रपद पौर्णिमा ते कोजागिरी आमच्याकडे भुलाबाईची गाणी असतात. पश्चिम महाराष्ट्रात हादगा-भोंडला, खानदेश-विदर्भात भुलाबाई. आजी-आज्यांना फोन लावून प्रत्येक मुलाने एक गाणं आणायचं, असा गृहपाठ द्या. छापील पुस्तकांत नसलेलंही हाती लागेल.

भीमथडी
पाठाबद्दल एक सूचना. इंटरनेटवर या कवितांच्या ओळी सर्रास चुकीच्या असतात, काही ठिकाणी कडवीच गाळलेली असतात. छापील संग्रहाशी ताडून मगच मुलांना द्या. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे 1971पासूनचे अंक संकेतस्थळावर मोफत वाचायला मिळतात. त्यात गावं, ऋतू, सण यांवरच्या कमी माहीत असलेल्या कविता भरपूर आहेत. जुने अंक चाळायला एक निवांत दुपार काढा.

रानजाई
सगळ्यांचे मनापासून आभार. क्रम असा लावतेय : पहिल्या रविवारी राष्ट्रगीत आणि टाचण्या, मग 'औदुंबर' खडूंसह, मग बंगालची नदी. विदर्भ माती आल्यावर. सह्याद्रीचा रविवार दोन भाषांत. भुलाबाईची गाणी सणाच्या दिवसांसाठी राखून ठेवतेय.

नकाशाचा पश्चिमेकडचा वाळवंटी भाग आणि ईशान्य भारत अजून रिकामा आहे. तिथलं काही?

वाटसरू
राजस्थानसाठी कन्हैयालाल सेठियांची 'धरती धोरां री'. धोरे म्हणजे वाळूच्या टेकड्या. राजस्थानी भाषा मराठी मुलांना निम्मी तरी कळते आणि चाल अशी आहे की दोनदा ऐकली की पाठ होते. ईशान्येसाठी आसामातल्या कोणाला तरी विचारतो. ओळखीतल्या एक बाई तिथे प्राथमिक शाळेत शिकवतात, त्या मुलांकडून काय म्हणून घेतात ते विचारून इथेच लिहितो.