जातीय हल्ल्यात नुकसान झालं, तर भरपाई मागण्यात लाज कसली?

नीलमनगर:
मोहोळकडच्या एका गावात माझ्या मावसभावाच्या घरावर जातीवरून हल्ला झाला. गणवेश शिवायचं मशीन फोडलं. अॅट्रॉसिटी (अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचार रोखणारा कायदा) लागली, पण पाहुणेच म्हणतात, "पैसे मागू नका, लोक नावं ठेवतील." का मागू नयेत? गुन्ह्यानुसार ८५ हजारांपासून सव्वाआठ लाखांपर्यंत सरकारी अर्थसाहाय्य या कायद्याच्या १९९५ च्या नियमांतच आहे. शिवाय मशीनची, बुडालेल्या रोजाची भरपाई आरोपींकडून दिवाणी दाव्यात वसूल करावी, असं माझं ठाम मत आहे.

बार्शीकर:
बऱ्याच कलमांत एफआयआरलाच २५ टक्के मिळतात, हे मला पटत नाही. तपासाला ६० दिवस आहेत ना? दोषारोपपत्र गेल्यावरच पैसे द्या. नाहीतर खऱ्या पीडितावरही संशय येतो.

नीलमनगर:
दादा, दवाखान्याचं बिल दोषारोपपत्राची वाट बघत नाही. पोरांची फी पण नाही.

कोर्टातला माणूस:
अर्थसाहाय्य जरूर घ्या, तो हक्क आहे. अॅट्रॉसिटीच्या कलम १५अ खाली तपास आणि खटल्याच्या काळातला प्रवासखर्च, संरक्षणही मागा. दिवाणी दाव्याला मात्र माझा विरोध आहे. वर्षानुवर्षं तारखा. हुकूमनामा झाला तरी वसुलीसाठी पुन्हा दरखास्त (अर्ज) लावायची, आणि आरोपीच्या नावावर गुंठाही निघत नाही. अशा दाव्यात माणसं खचलेली मी पाहिलीत. शिक्षा झाली तर फौजदारी कोर्टच दंडातून भरपाई देऊ शकतं.

बेगमपेठ:
साहेब, "शिक्षा झाली तर". आणि अॅट्रॉसिटी आम्हा मुसलमानांना सहसा लागू नाही. १ जुलै २०२४ पासूनच्या न्याय संहितेत पाच किंवा जास्त जणांनी मिळून केलेल्या खुनाला कलम १०३(२), गंभीर दुखापतीला ११७(४) आहे. त्यातल्या कारणांच्या यादीत धर्म हा शब्दच नाही; समुदाय, वैयक्तिक श्रद्धा यांत बसवावं लागतं. नुसतं दुकान फोडलं तर तेही नाही. जमावाच्या बळींसाठी भरपाई योजना करा, ३० दिवसांत अंतरिम मदत द्या, असं सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये राज्यांना सांगितलं. पण दुकानाचा माल कोण भरून देणार? आम्हाला दिवाणी दावा हवाच.

नीलमनगर:
माझंही तेच. फौजदारीत संशयाचा फायदा मिळून सुटतात. दिवाणीत कुणाची बाजू जास्त संभवते ते बघतात. आणि जातीय अत्याचाराच्या पीडिताला १९८७ च्या कायद्याने विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मोफत मिळतो.

कोर्टातला माणूस:
वकिलाचं बरोबर. माझं मत बदललेलं नाही, पण दावा करणारच असाल तर फौजदारी निकालासाठी थांबू नका. मशीनच्या नुकसानीला मुदत ३ वर्षांचीच आहे. खरेदीची पावती आणि पंचनाम्याची नक्कल आजच काढून ठेवा.