नऊ रोमन नाणी लागलीत, पुढे खणू का? (इंग्लंड)

इथे युकेत मेटल डिटेक्टिंग (मशीनने जमिनीतला धातू शोधणं) करणारं कुणी आहे का? जरा घाईने सल्ला हवाय.

मी सफोकमध्ये राहतो. एका शेतकऱ्याची लेखी परवानगी आहे, निघेल त्यात निम्मं-निम्मं ठरलंय. एरवी निघतं काय, तर शिशाच्या गोळ्या, बटणं आणि कोल्ड्रिंकच्या डब्यांच्या कड्या. रविवारी मात्र नांगरलेल्या पट्ट्यात दोन-तीन पावलांत नऊ नाणी लागली. तांब्याची, हिरवी पडलेली, आपल्या चार आण्याहून लहान. एकावर भाले घेतलेले दोन शिपाई आणि मधे एकच ध्वज स्पष्ट दिसतोय. म्हणजे कॉन्स्टंटाइनच्या घराण्याचं, इ. स. ३३५ ते ३४१ च्या दरम्यानचं.

आता गोची अशी, की १९९६ च्या ट्रेझर ॲक्टनुसार ‘ट्रेझर’, म्हणजे कळवावाच लागणारा ठेवा, ठरायला नाणी ३०० वर्षांहून जुनी आणि सोन्याचांदीची असतील तर दोन पुरतात, तांब्याची किमान दहा लागतात. माझी नऊ! त्याच जागी अजून एक सिग्नल येतोय, पण खोल, नांगराच्या थराखाली. खणू की थांबू? नऊच आहेत म्हणून न कळवता चालेल का?

शिवाय सासूबाई म्हणतात चिंच-मीठ लावा, लख्ख होतील. आणि बाबांचा हट्ट, की मशीन जुन्नरला आण, आपल्या शेतात सातवाहनांची नाणी निघतील. नेऊ का?

प्रतिसाद :

अजिबात खणू नका. नऊ-दहाचा हिशोब सोडा. वेगवेगळ्या दिवशी निघाली तरी एकाच ठेव्यातली नाणी एकत्रच मोजतात. खाली मडकं शाबूत असेल तर ते कसं पुरलंय हे पुरातत्त्ववाल्यांनाच पाहू द्या. तुमच्याच काउंटीत हॉक्सनला १९९२ मध्ये एक जण शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा शोधत होता, त्याला १५,००० च्या आसपास रोमन नाणी लागली. त्याने खणणं थांबवून कळवलं, म्हणून पेटीचे अवशेषही नोंदवता आले. हातोडाही सापडला, तो आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे!

खड्डा बुजवा, ग्रिड रेफरन्स (नकाशावरचा जागेचा नेमका आकडा) घ्या आणि पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमच्या (लोकांना सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद ठेवणारी योजना) तुमच्या भागातल्या फाइंड्स लिएझन ऑफिसरला उद्याच फोन करा. ट्रेझर असावं असं वाटल्यापासून १४ दिवसांत कॉरोनरला (अशा ठेव्यांची चौकशी करणारा अधिकारी) कळवावं लागतं. पुढची वाट तेच ऑफिसर दाखवतात. गावाचं नाव इथे लिहू नका, रात्री चोर येतात.

चिंच बिलकुल नको! अक्षरं त्या हिरव्या थरातच टिकलेली असतात. कोरडी, वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा, घासू नका.

जुन्नरचं बाबांना नाही म्हणून सांगा. १८७८ च्या निखात निधी कायद्याने जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तरी कलेक्टरला कळवावं लागतं. वर गावभर गुप्तधनाचा बोभाटा होईल तो वेगळाच.

आणि हो, शेतकऱ्याची पुढची नांगरणी कधी आहे ते विचारा. जवळ आली असेल तर तेवढा पट्टा सोडायला सांगा.