मदत हवी आहे: वारीत लॅपटॉप न नेता नुसत्या टॅबवर फोटोंचं काम भागेल का?

राम कृष्ण हरी.

आळंदी ते पंढरपूर पायी चालत फोटो काढण्याचं माझं हे तिसरं वर्ष. आधीची दोन वर्षं लॅपटॉप दिंडीच्या ट्रकमध्ये ठेवला. सामान हातात येईपर्यंत रात्र होते, ताडपत्रीखाली काय भिजलं ते उघडल्यावरच कळतं, आणि राहुटीत पंधरा माणसांच्या मध्ये लॅपटॉप मांडून बसणं मला पटत नाही. यंदा पाठीवरच्या पिशवीत मावेल तेवढंच न्यायचं ठरवलंय.

घरात दहाव्या पिढीचा साधा आयपॅड आहे, 64 जीबीचा. कॅमेरा 24 मेगापिक्सेलचा, त्यात एकच कार्ड बसतं. रॉमध्ये (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) काढते, एक फाइल साधारण 28 एमबीची. दिवसाला सात-आठशे फोटो म्हणजे 20 जीबी. दिवे घाट आणि रिंगणाच्या दिवशी तर दुप्पट.

खरी काळजी फोटो सुरक्षित राहण्याची आहे. गेल्या वर्षी चांदोबाचा लिंबला उभं रिंगण झालं. अश्व दौडत पुढे गेला आणि टापांखालची माती कपाळाला लावायला एक आजी वाकल्या. तो क्षण मला मिळाला होता, मागच्या पडद्यावर पाहिलाही होता. तरडगावच्या मुक्कामी कार्ड लॅपटॉपला लावलं तर उघडेचना. पुण्याला परतल्यावर निम्मे फोटो निघाले, आजींचा नाही. तेव्हापासून दुसरी प्रत झाल्याशिवाय डोळ्याला डोळा लागत नाही.

घरी दोन गोष्टी करून पाहिल्या. सगळे रॉ सरळ लाइटरूम या फोटो सुधारायच्या अ‍ॅपमध्ये घेतले, तर तिसऱ्या दिवसाचे फोटो घ्यायला टॅबमध्ये जागाच उरली नाही. जुनी हार्ड डिस्क टॅबला जोडली, तर ती दिसलीच नाही. लॅपटॉपशिवाय रोज दुसरी प्रत कशी करायची? शिवाय रोज संध्याकाळी दहा फोटो पाठवायचे असतात, आणि वाटेवर रेंजच्या काड्या दिसल्या तरी डेटा हलत नाही. वारीत किंवा ट्रेकला टॅबवर काम केलेल्यांनी कृपया सविस्तर सांगावं.

प्रतिसाद

माऊली, नक्की भागेल. फक्त लाइटरूमला साठवणीचं काम देऊ नका. मोबाइलवरचं लाइटरूम रॉ फाइल क्लाउडवर चढेपर्यंत टॅबमध्येच धरून ठेवतं. रेंज नाही म्हणजे जागा मोकळी होणार नाही, म्हणून तुमचा टॅब भरला.

हार्ड डिस्क फिरणाऱ्या तबकडीची असणार. टॅबच्या पोर्टमधून तिला पुरेशी वीज मिळत नाही. छोटी एसएसडी (फिरता भाग नसलेली डिस्क) घ्या आणि निघण्याआधी लॅपटॉपवर एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, म्हणजे टॅबला तिच्यावर लिहिता येईल. एनटीएफएस (विंडोजची नेहमीची मांडणी) असेल तर टॅबला तिच्यावर लिहिता येत नाही. सोबत असा हब घ्या ज्यात कार्ड, एसएसडी आणि चार्जरची केबल तिन्ही एकदम लागतील.

रोज रात्री फाइल्स अ‍ॅपमधून कार्डावरचं फोल्डर एसएसडीवर कॉपी करा. मूव्ह चुकूनही नको, त्यात कार्डावरची प्रत निघून जाते. तुमच्या टॅबचा टाइप-सी पोर्ट यूएसबी 2 चा आहे, कागदावर सेकंदाला 480 मेगाबिट. त्यातूनच वाचायचं आणि लिहायचंही, त्यामुळे 20 जीबीला वीस मिनिटं ते अर्धा तास धरा. (पाचव्या पिढीच्या आयपॅड एअरला 10 गिगाबिट मिळतं, पण एवढ्यासाठी नवा टॅब घेऊ नका.) तोवर ऑटो-लॉक बंद ठेवा आणि दुसरं अ‍ॅप उघडू नका. मग दोन्हीकडची फाइलसंख्या जुळवा आणि मधलेअधले पाच-सहा फोटो एसएसडीवरून उघडून पाहा.

सगळ्यात महत्त्वाचं, वाटेत कार्ड पुसूच नका. 64 जीबीची आठ-नऊ कार्डं घेतलीत तर पंढरपूरपर्यंत पुरतील. कार्ड ही एक प्रत, एसएसडी दुसरी. दोन्ही एका पिशवीत ठेवू नका.

लाइटरूममध्ये फक्त निवडलेले दहा-पंधरा रॉ घ्या. घरी लाइटरूम क्लासिक (कॉम्प्युटरवरचं लाइटरूम) वापरत असाल आणि सिंक चालू असेल, तर मोबाइलवरून चढलेल्या मूळ रॉ फाइल्स दुरुस्तीसकट तिकडे उतरतात. पाठवायचे फोटो लांब बाजू 2000 पिक्सेल ठेवून एसआरजीबी (पडद्यांसाठीची नेहमीची रंगपद्धत) जेपेगमध्ये काढा. व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर अश्वाच्या आयाळीचा पार लगदा होतो. पाठवायला पहाटेची वेळ धरा, पालखी हलायच्या आधी.

धागाकर्ती

दादा, मनापासून आभार. काल हब आणि एसएसडी आणून 18 जीबीचं कार्ड कॉपी केलं. बावीस मिनिटं लागली, संख्या जुळली. मूव्ह-कॉपीचा फरक आधी ध्यानातच आला नव्हता. एक शंका राहिली: पावसाचं काय? टॅब उघडा ठेवायची सोय नसते.

प्रतिसाद

ताई, मी देहूच्या पालखीबरोबर चालतो. ओल्या बोटांनी पडदा भलतंच काहीतरी उघडतो, आणि कॉपी चालू असताना ते फार महागात पडतं. कॉपीला लावलं की टॅब पालथा घालून कोरड्या उपरण्यात गुंडाळून ठेवा. दिवसभर तो झिपच्या जाड पिशवीत आणि एसएसडी कमरेच्या पाकिटात. हबची केबल मात्र दोन घ्या, माझी लोणी काळभोरलाच तुटली होती.