मदत हवी आहे: फ्रॉस्ट-फ्री नळ किती इंची घेऊ?

परसदार: मागच्या अंगणातला नळ बदलायचाय. दुकानात ६, ८, १०, १२ इंची फ्रॉस्ट-फ्री (थंडीत न गोठणारे) नळ आहेत. कुठला घेऊ? शनिवारीच बसवायचाय, प्लीज लवकर सांगा.

खटपट्या: राहता कुठे? पाईप तांब्याचा की पेक्स (प्लॅस्टिकचा)? जुना नळ आट्यांवर बसवलाय की डाग दिलाय? आतून हात पोचतो का?

परसदार: शिकागोजवळ. तांबं, अर्धा इंची. बाकी बघितलं नाही. लांबीचं सांगा ना.

नेवाळी: बदलूच नका! आत शटऑफ (त्या नळाचं पाणी बंद करायची चावी) असेलच. ऑक्टोबरात तो बंद करायचा, बाहेरचा नळ उघडा ठेवायचा, पाणी निथळून जातं. आमचा साधा नळ वीस वर्षं टिकलाय.

खटपट्या: नेवाळीताई, एका वर्षी विसरलात की पाईप गेला. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं. फ्रॉस्ट-फ्री नळाची चाकी बाहेर असली तरी पाणी अडवणारा वॉशर दांड्याच्या आतल्या टोकाला, घराच्या उबेत असतो. परसदार, म्हणूनच लांबी भिंतीवर ठरते. बाहेरच्या पृष्ठभागापासून इन्सुलेशनच्या आतपर्यंत मोजा. आणि नळ बाहेरच्या बाजूला किंचित उतरता बसवा, नाहीतर नळाच्या भिंतीतल्या नळीत पाणी साचेल.

मीरा_मिलवॉकी: होज (बागेचा रबरी पाईप) काढायला मात्र विसरू नका! आमचाही फ्रॉस्ट-फ्रीच होता. थंडीभर होज लावलेला राहिला, नळाच्या नळीतलं पाणी निघालंच नाही आणि ती भिंतीत फुटली. कळलं एप्रिलमध्ये. नळ बंद असताना थेंबही नाही, झाडांना पाणी घालायला सोडला तर बेसमेंटमध्ये धार. मुलीच्या लहानपणीच्या फोटोंचा खोका भिजला, त्याचं अजून वाईट वाटतं.

पुणेकाका: आमच्याकडे दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी चटके देतं. टाकीला पांढरा रंग द्या, फरक पडतो.

नेवाळी: काका, तिकडे उणे वीस होतं हो!

दुरुस्तीवाला: डाग देऊ नका. पाईपात थोडं जरी पाणी राहिलं तरी डाग बसत नाही, वर लाकडाशेजारी ज्वाला. दाबून बसवायचं फिटिंग घ्या, पाच मिनिटांचं काम.

खटपट्या: भिंतीत बुजणार असेल तर मी डागच देईन. आटे असतील तर दोन पाने घ्या, एकाने आतला पाईप धरून ठेवायचा. नाहीतर नळाबरोबर पाईपही पिळवटतो.

परसदार: बेसमेंटमध्ये जाऊन आलो. छत उघडं आहे, हात पोचतो. नळ आट्यांवर आहे. बाहेर वीट, आतपर्यंत ९ इंच भरलं. पण शटऑफ फिरतच नाहीये! जोर लावू का?

खटपट्या: अजिबात नको. मीटरजवळचा मेन बंद करा, सगळ्यात खालचा नळ सोडून पाईप रिकामे करा. शटऑफही याच वेळी बदला. नळ १० इंची घ्या, व्हॅक्यूम ब्रेकर असलेला, म्हणजे होजमधलं पाणी उलटं पिण्याच्या पाण्यात ओढलं जाणार नाही.

परसदार: मेन मीटरच्या अलीकडचा की पलीकडचा? दोन दिसताहेत.